गाडी अडली, बरं झालं!

दिवाळीची सुट्टी संपली, सहामाहीचे पेपर घरी आले, की आपल्याकडच्या शाळांमधून विज्ञान प्रदर्शनाचे वारे वाहू लागतात. आधी शाळेतले, मग तालुक्याचे, मग जिल्ह्याचे. सेलू, जिंतूर, मानवत, गंगाखेड, पूर्णा... गाव कुठलेही असो, घरातले दृश्य एकच. लेकरू संध्याकाळी दप्तर टाकता टाकता सांगते, "आई, उद्या मॉडेल न्यायचंय!" उद्या! मग आईच्या पोटात गोळा, बाबांची चिडचिड आणि स्टेशनरीच्या दुकानात ही झुंबड. पुठ्ठा आणा, रंगीत कागद आणा, नाहीतर सरळ तयार मॉडेलच आणा. पैसे मोजले की सुटलो!

या साऱ्या मॉडेलांमध्ये एक मॉडेल माझ्या फार आवडीचे आहे. उंदराच्या सापळ्यावर पळणारी गाडी. बॅटरी नाही, मोटर नाही, वायरी नाहीत. मोंढ्यातल्या किंवा आठवडी बाजारातल्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो तो लाकडी पट्टीचा, चापाचा सापळा. धान्याच्या पोत्यांना उंदीर लागला की आपण तो आणतोच. अमेरिकेतल्या विल्यम हुकर नावाच्या गृहस्थाने १८९४ साली अशा स्प्रिंगच्या सापळ्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून त्याच्या रचनेत फारसा फरक पडलेला नाही. एक घट्ट स्प्रिंग, एक तारेचा दांडा. दांडा मागे ओढला की स्प्रिंग ताणली जाते, सोडला की अर्धे वर्तुळ फिरून तो धाडकन पुढे येतो. आता या दांड्याला दोरी बांधायची, दोरीचे दुसरे टोक गाडीच्या मागच्या आखाला गुंडाळायचे. आख म्हणजे बैलगाडीला असतो तोच, दोन चाकांना जोडणारा. दांडा पुढे येतो, दोरी ओढतो, आख फिरतो, चाके फिरतात, गाडी पळते. झाले!

सांगायला असे सोपे. प्रत्यक्षात ही गाडी पहिल्या झटक्यात कधी पळत नाही. मला विचाराल तर हाच या मॉडेलचा सगळ्यात मोठा गुण आहे. ज्वालामुखीत सोडा-व्हिनेगर ओतले की फेस येतोच. तिथे लेकराला डोके चालवायची वेळच येत नाही. ही गाडी मात्र अडते. एकदा नाही, चार-पाच वेळा अडते. आणि लेकरू तोंड पाडून म्हणते, "आई, गाडी चालंना गेली!"

मैत्रिणींनो, माझे म्हणणे एवढेच आहे की त्या क्षणी आपण काय करतो, यावर सगळे अवलंबून आहे. विज्ञान खरे तिथून सुरू होते आणि बहुतेक घरांत ते नेमके तिथेच संपते. बाबा नाहीतर मोठा दादा म्हणतो, "सरक, दे इकडं." दहा मिनिटांत तो काहीतरी खटपट करतो, गाडी पळते आणि लेकराने काय शिकायचे ते राहूनच जाते. किंवा कुणीतरी म्हणते, "जाऊ दे, विकतची आणू." आणि मॉडेल करणारी मुलगी असेल तर? तर तिच्या हातातला पेचकस पहिल्यांदा जातो आणि चार्टवर सुंदर अक्षर काढायचे काम तिच्याकडे येते. गाडी दादाची, अक्षर ताईचे! किती घरांत हे बघितले असेल मी.

आमच्या गल्लीतल्या एका घरात मात्र वेगळे घडले, म्हणून हे लिहायला बसले. त्या घरातली बाई ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. शिक्षण दहावीपर्यंत. मुलगी सातवीत. दोघींनी मिळून ही गाडी केली. पुठ्ठ्याची बैठक, वर सापळा, आखासाठी स्वेटर विणायच्या जाड सुया आणि चाकांसाठी जुन्या सीडी. (लग्नाच्या सीडी नव्हेत हो! त्या पाहायला आता घरात यंत्र नाही, तरी त्या कपाटातून हलायच्या नाहीत.) गाडी जमिनीवर ठेवली, दांडा सोडला. सापळ्याचा दांडा जरासा थरथरला आणि गाडी ढिम्म!

मुलगी रडकुंडीला आली. आई म्हणाली ते वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. "धागा तुटाय लागला तर आपण मशीन फेकून देतो का गं? आधी सुई बघतो, मग धागा, मग बॉबिन. एकेक बघू."

एकेक बघू! विज्ञानाच्या पुस्तकात यालाच मोठमोठी नावे आहेत. आपण ते रोज करतो आणि त्याला काहीच नाव देत नाही. कुकरची शिट्टी होत नसेल तर आपण काय करतो? आधी रबर बसले का बघतो, मग शिट्टीत काही अडकले का बघतो, मग पाणी होते का ते आठवतो. गॅस पिवळा जळू लागला तर बर्नर काढून त्याची भोके साफ करतो. पापड तडकले तर पिठात पाणी कमी पडले की ऊन जास्त झाले, याचा विचार करतो आणि पुढच्या घाण्याला एकच गोष्ट बदलतो. दोन्ही बदलल्या तर नेमके कशाने सुधारले ते कळणार कसे? हे शहाणपण आपल्या हातांत आहे. ते लेकरापर्यंत पोचवायला इंजिनिअर असावे लागत नाही.

तर त्या मायलेकींनी गाडी उचलून हातात धरली आणि चाके बोटाने फिरवून पाहिली. पुढची चाके भिरभिर फिरली. मागची दीड फेऱ्यातच थांबली. म्हणजे दोष सापळ्यात नव्हता, मागच्या आखात होता. पुठ्ठ्याच्या भोकात सुई घासत होती. मग सरबताच्या नळीचे दोन तुकडे कापून भोकांत चिकटवले, सुई त्या नळीतून घातली आणि आईने आपल्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. बैलगाडीला वंगण घालतात, तेच हे. आता मागची चाकेही फिरू लागली.

गाडी पुन्हा खाली ठेवली. यावेळी चाके गरगर फिरली, पण जागच्या जागीच! सीडी गुळगुळीत, घरातली फरशी त्याहून गुळगुळीत, पकड येणार कशी? मुलीनेच तोडगा काढला. फुगा मधोमध आडवा कापला, त्याचे गोल पट्टे केले आणि मागच्या सीडींच्या काठावर ताणून चढवले. गाडीच्या चाकाला धाव असते ना, तशी रबराची धाव. गाडी निघाली!

निघाली ती थेट डावीकडच्या भिंतीवर. आईने गळ्यातला टेप काढला. (शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात टेप नसेल तर चुकल्यासारखे वाटते.) पुढच्या आणि मागच्या आखातले अंतर एका बाजूने मोजले, मग दुसऱ्या बाजूने मोजले. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निघाला. दोन्ही आख समांतर नसतील तर गाडी वळणारच. ब्लाऊजच्या दोन बाह्या कमी-जास्त झाल्यावर ब्लाऊज ओढल्यासारखा दिसतो, तसेच.

ते सरळ केले तर नवेच दुखणे. गाडी साडेतीन फरशा गेली आणि एकदम कच्चकन थांबली. ढकलली तरी पुढे जाईना, उलट जराशी मागे आली. इथे दोघींना बराच वेळ लागला. मी तिथेच बसले होते, पण मुद्दाम बोलले नाही. शेवटी मुलीने गाडी डोळ्यांजवळ धरून अगदी सावकाश फिरवली आणि ओरडली, "काकू, दोरी उलटी गुंडाळायली!" बरोबर! त्यांनी दोरी आखाला गाठ मारून बांधली होती. सगळी दोरी उलगडून झाली तरी गाठ सुटत नाही. गाडी तिच्या वेगाने पुढे जाऊ पाहते आणि गाठ आखाला धरून ठेवते. म्हणजे स्वतःच्याच दोरीने ब्रेक लागला! यावर उपाय काय? गाठ मारायची नाही. आखावर तारेचा इवलासा हूक चिकटवायचा आणि दोरीचा फास त्याला नुसता अडकवायचा. दोरी संपली की फास आपोआप गळून पडतो आणि गाडी मोकळी होऊन पुढे घरंगळत जाते. ब्लाऊजचे हूक लावून लावून बोटे झिजलेल्या त्या बाईला हे सांगायला कोण लागते? गाडी सहा फरशा गेली.

आता गाडी पळत होती. बहुतेकांनी इथेच थांबून टाळ्या वाजवल्या असत्या. मुलीला मात्र हाव सुटली, "अजून लांब कशी जाईल?" आणि इथून पुढची गंमत मला सगळ्यात जास्त आवडली, कारण यात हिशेब आहे.

सापळ्याचा मूळ दांडा साधारण पाच सेंटिमीटरचा. तो मागून पुढे आला की दोरी ओढली जाते त्याच्या दुप्पट, म्हणजे दहा सेंटिमीटर. आख पाच मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचा घेर दीड सेंटिमीटरच्या जरा पुढे. म्हणजे दहा सेंटिमीटर दोरीत आख फिरणार सहा-साडेसहा वेळा. सीडी बारा सेंटिमीटर रुंद असते. तिचा एक फेरा म्हणजे साधारण ३८ सेंटिमीटर. गुणाकार करा, अडीच मीटरच्या आतच आले. त्यापुढे गाडी जाते ती नुसत्या वेगाने.

मग दांडा लांब केला तर? मुलीने सायकलच्या चाकाची एक मोडकी तार आणली, सुमारे तीस सेंटिमीटरची, आणि ती सापळ्याच्या दांड्याला बारीक तारेने घट्ट बांधली. आता दोरी ओढली जाणार साठ सेंटिमीटर, आख फिरणार ३८ वेळा आणि गाडी जाणार १४ मीटर! मुलीने वहीत मोठ्या अक्षरात "१४ मीटर" लिहिले, खाली दोन रेघा मारल्या. आणि गाडी? पुन्हा ढिम्म. जागची हललीसुद्धा नाही.

हे असे का झाले, ते सांगायला मला जात्याची आठवण झाली. जात्याचा खुंटा पाळूच्या कडेला असतो, मधोमध नसतो. कडेला असला की हाताला जात्याचे वजन कमी जाणवते, पण हात मोठ्या वर्तुळात फिरवावा लागतो. खुंटा मधल्या खिळ्याजवळ असता तर हात थोडाच फिरवावा लागला असता, पण जाते हलले नसते. म्हणजे जोर कमी लावायचा तर अंतर जास्त, अंतर कमी हवे तर जोर जास्त. दोन्ही फुकट मिळत नाही! सापळ्याच्या स्प्रिंगमध्ये ताकद असते ठरावीक. दांडा लांब केला की तीच ताकद लांबवर पसरते, दोरीला ओढ कमी मिळते. त्या बारीक ओढीने बारीक सुई फिरेना. मग काय करायचे? आख जाड करायचा, म्हणजे खुंटा कडेला न्यायचा. मुलीने आखावर, दोरी गुंडाळायच्या जागी, चिकटपट्टीचे वेढे दिले आणि जाडी आठ मिलिमीटर केली. आता आखाचे फेरे कमी होणार, साधारण २४. अंतरही कमी, साधारण ९ मीटर. पण गाडी हलणार!

घरात एवढी जागा नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात गाडी सोडली. तिथली फरशी दोन फुटी. गाडी हळूच निघाली, मग संथ लयीत चालतच राहिली... चौदा फरशा! टेपने मोजले तर साडेआठ मीटर. कागदावरचे १४ मीटर खोटे ठरले नव्हते, ते अर्धवट होते. कागदावर घर्षण नव्हते, वजन नव्हते. हे त्या मुलीला कळले आणि ते तिच्याकडून आता कोणी काढून घेऊ शकत नाही.

आता कडू भाग सांगते. प्रदर्शनात तिचा नंबर आला नाही. नंबर आला तो विकत आणलेल्या, दिवे लुकलुकणाऱ्या मॉडेलचा. परीक्षक टेबलापाशी आले, पुठ्ठ्याच्या गाडीकडे बघितले, "छान, छान" म्हणाले आणि पुढे गेले. तिची वही टेबलावरच होती. तीत प्रत्येक वेळी काय बदलले आणि गाडी किती फरशा गेली, हे ओळीने लिहिले होते. ती कोणी उघडली नाही. त्या संध्याकाळी तिच्या आईने मला विचारले, "ताई, विकतचं आणलं असतं तर नंबर आला असता का हो?"

खोटे कशाला बोलायचे? आला असता, कदाचित. पण ज्याचा नंबर आला त्या लेकराला कोणी विचारायला हवे होते, "बाळा, हा दिवा बंद पडला तर तू काय करशील?" माझी शाळांना आणि परीक्षकांना हात जोडून विनंती आहे. "हे काय आहे?" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. "हे करताना काय काय बिघडले आणि तुम्ही ते कसे शोधले?" हा प्रश्न विचारा. विकतच्या मॉडेलला याचे उत्तर देता येत नाही. हा एक प्रश्न पहिला विचारला गेला, तर दुकानातली गर्दी दोन वर्षांत निम्मी होईल. आणि मॉडेलशेजारी अशी एक वही ठेवणे सक्तीचे करा, तिला मार्क ठेवा. याला सरकारी निधी लागत नाही.

निधीचे म्हणाल तर योजना आहेत. केंद्र सरकारने २०१६ साली अटल टिंकरिंग लॅबची योजना आणली. निवडलेल्या शाळेला त्यासाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. देशभरात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या. 'इन्स्पायर-मानक' योजनेत सहावीपासून पुढच्या मुलांनी आपली नवी कल्पना शाळेमार्फत पाठवायची असते. निवड झाली तर मॉडेल करायला दहा हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. आपल्या लेकीच्या शाळेने यंदा कल्पना पाठवल्या का, हे पालक सभेत विचारायला काय हरकत आहे? आपण तिथे फक्त "मार्क का कमी पडले" एवढेच विचारून येतो.

आणि ज्या गावात यातले काहीच पोचले नाही तिथे? तिथे कबाड तर आहे! अरविंद गुप्ता हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली इंजिनिअर झालेला हा माणूस पुण्यात टेल्कोमध्ये ट्रक बनवण्याच्या कारखान्यात नोकरीला होता. १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादला खेड्यातल्या शाळांच्या विज्ञान कार्यक्रमात गेला आणि मग आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवत राहिला. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुन्या रिफिली, असले सामान! पुण्याच्या आयुकात मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत. मुलाने खेळणे मोडून त्यात काय आहे ते पाहिले पाहिजे, हे ते सतत सांगत आले. आपल्याकडे मात्र खेळणे मोडले की पाठीत धपाटा!

मुलींच्या बाबतीत तर मोडायची परवानगीच नाही. मिक्सर बंद पडला की आपण लेकाला म्हणतो, "बघ रे जरा." लेकीला म्हणत नाही. "पोरीच्या जातीला काय करायचंय पाने-पेचकस," हे अजूनही ऐकू येते आणि म्हणणारी बहुतेक वेळा बाईच असते. साताऱ्याच्या एका शेतकऱ्याच्या घरातल्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, १९८९ मध्ये त्या रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. इंजिन चालवणे म्हणजे काही नुसता दांडा ओढणे नसते. रात्री माळरानात गाडी थांबली तर दोष कुठे आहे ते शोधावे लागते. तिथे "दादाला बोलवा" म्हणता येत नाही! अशी बाई घडायची तर कुठेतरी, कधीतरी तिच्या हातात पेचकस राहू द्यावा लागतो.

यावर मैत्रिणी म्हणतील, "बाई गं, वेळ कुठंय? शेताचं बघायचं, घरचं बघायचं, आता सापळ्याची गाडी बघत बसू?" खरे आहे. म्हणूनच मी म्हणते, तुम्ही गाडी करू नका. तुम्ही फक्त दोन वाक्ये म्हणा. पहिले, "काय होतंय ते नीट सांग." गाडी हलतच नाही, की चाके नुसती फिरतात, की वाकडी जाते, की मध्येच थांबते? "चालत नाही" हे काही सांगणे झाले नाही. डॉक्टरसुद्धा कुठे दुखते ते विचारतात. आणि दुसरे वाक्य, "एका वेळी एकच बदल, आणि लिहून ठेव." पोळ्या लाटता लाटता हे म्हणता येते. उत्तर तुम्हाला ठाऊक नसले तरी चालेल. उलट ठाऊक नसले तर बरेच, म्हणजे सांगून टाकायचा मोह होणार नाही.

एक काळजी मात्र आईने घ्यायचीच. हा सापळा म्हणजे खेळणे नव्हे. त्याची स्प्रिंग जोरदार असते, बोटावर बसली तर नख काळे-निळे करते. आमिष अडकवायची पट्टी आणि चाप रोखणारी तार आधी काढून टाकावी, म्हणजे तो अवचित सुटणार नाही. लांब तार बांधली की तिचे टोक वाकवून गोल करावे, डोळ्याला लागू नये म्हणून. दोरी गुंडाळताना दांडा एका हाताने दाबून धरायचा, सोडताना चेहरा दूर ठेवायचा. पाचवीच्या आतल्या लेकरांच्या हाती तो एकट्याने देऊ नये. आणि काम झाले की सापळा घरी परत आणावा, उंदीर कुठे गेलेत!

आपल्याकडे मोठ्या ऐटीत म्हणतात, जगात जर्मनी अन् भारतात परभणी. म्हणताना आपण हसतो, पण छाती थोडी फुगतेच. मग जर्मनीचे नाव कशासाठी घेतात, तेही बघू या. तिथल्या यंत्रांसाठी, ती बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांसाठी. असे हात काही आभाळातून पडत नाहीत. ते पुठ्ठ्याच्या गाडीपाशी, फरशीवर उकिडवे बसून, चार वेळा हरून तयार होतात. त्यातले निम्मे हात मुलींचे असायला हवेत.

यंदा तुमच्या घरात गाडी अडली, तर दुकानाकडे धावू नका आणि दादालाही हाक मारू नका. चहा टाका, लेकीशेजारी बसा आणि म्हणा, "बरं झालं अडली. चल, एकेक बघू."